लेकीला घेऊन बाहेर जेवणं, लग्नाची पंगत आणि बोरन्हाण

लेक चालायला लागली आणि बाहेर जेवायला जाणं हा आमच्या घरात चर्चेचा विषय झाला. तोवर ती मांडीवर झोपलेली असायची आणि आम्ही निवांत जेवायचो. सव्वा वर्षाची झाल्यावर चित्रच पालटलं. ऑर्डर द्यायची, ती यायला वीस-पंचवीस मिनिटं. तेवढ्यात हिने मीठदाणी टेबलावर ओतलेली, शेजारच्या कुटुंबाच्या ताटांपर्यंत धाव घेतलेली, आणि जेवण समोर येईपर्यंत भुकेने आणि झोपेने रडकुंडीला आलेली. मग एकाने तिला घेऊन बाहेर फेऱ्या मारायच्या, तोवर दुसऱ्याने भराभर जेवून घ्यायचं. ‘असं आळीपाळीनेच जेवायचं असेल तर घरी काय वाईट आहे?’ असं बायको म्हणाली, आणि काही महिने आम्ही बाहेर जाणं बंदच केलं.

पण आमचा गोतावळा मोठा. पुण्यात दोन आत्या, चिंचवडला मावशी, साताऱ्याला बायकोचं माहेर. कुणाचं बारसं, कुणाची मुंज, कुणाची साठीशांत. दोन वर्षांचं मूल घरात आहे म्हणून माणसं तोडता येत नाहीत, आणि आम्हाला ती तोडायचीही नव्हती. त्यामुळे मार्ग काढणं भाग होतं. तो हळूहळू कसा निघाला ते लिहितो आहे, कारण आमच्याच सोसायटीत निदान तीन-चार घरांत आज हेच चाललेलं मी बघतो.

सगळ्यात मोठी अडचण हॉटेलात नव्हती, घरातच होती. ‘खातच नाही’ ही काळजी. आधी वाटीभर मऊ भात संपवणारी मुलगी वर्ष उलटल्यावर चार घासांत तोंड फिरवू लागली. माझ्या आईचा जीव तुटायचा. ती हातात वाटी घेऊन घरभर मागे फिरायची, ‘हा घास काऊचा, हा घास चिऊचा’ म्हणत. लसीकरणाच्या वेळी बालरोगतज्ज्ञांना विचारलं तेव्हा त्यांनी कार्डावरचा वजनाचा आलेखच आईसमोर धरला. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वेळच्या साधारण तिप्पट होतं, म्हणजे तीन किलोचं बाळ नऊ किलोच्या आसपास जातं. दुसऱ्या अख्ख्या वर्षात मात्र जेमतेम दोन-अडीच किलो वाढतात. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. त्यांनी आणखी एक विचारलं, दूध किती पिते? दिवसभरात अर्ध्या लिटरच्या वर गाईचं दूध पोटात गेलं की जेवणाची भूक मरते आणि लोहाचीही कमतरता होऊ शकते. आम्ही दूध कमी केलं, आणि जेवणाच्या आधीची बाटली बंद केली. त्या आलेखाचा फोटो आईने फोनमध्ये ठेवला आहे. कुणी ‘बारीक झाली हो पोर’ म्हटलं की ती आता स्वतःच तो दाखवते.

काय, कधी आणि कुठे द्यायचं ते आपण ठरवायचं. किती खायचं, खायचं की नाही, ते मुलाने ठरवायचं. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी मांडलेली ही वाटणी आम्हाला पटली. ऐकायला सोपी आहे, पाळायला अवघड. तिसरा घास उरलेला असताना वाटी उचलायची म्हणजे आमच्या घरात मोठाच निर्णय होता. पण तिचं ताट आमच्याबरोबर मांडायला सुरुवात केली, फोडणीआधी तिच्यापुरती आमटी-भाजी बाजूला काढली आणि तिला स्वतःच्या हाताने खाऊ दिलं, तशी ती जेवणावर बसू लागली. भात केसांत जातो, फरशी रोज पुसावी लागते. पण मागे फिरणं थांबलं, आणि मागे फिरणं थांबल्याशिवाय बाहेर जेवायला जाणं शक्यच नव्हतं.

त्यानंतर हॉटेल. पहिली गोष्ट वेळेची. लेक साडेसातला झोपेला येते. पुण्यात बऱ्याच ठिकाणी रात्रीचं जेवणच सात-साडेसातला सुरू होतं, म्हणजे तिच्या दृष्टीने मध्यरात्र. म्हणून आम्ही रात्रीच्या जेवणाचा नाद सोडला. दिवसभर चालू असणारी उडपी हॉटेलं आमच्या कामी आली. रविवारी सकाळी साडेआठला सारसबागेत जायचं, तळ्यातल्या गणपतीचं दर्शन घ्यायचं, तिला हिरवळीवर मनसोक्त पळू द्यायचं आणि नाश्त्याला जायचं. पळून दमलेलं मूल खुर्चीत बसतं, हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्यावर बसायच्या आधीच सांगायचं, ‘दादा, एक इडली लगेच आणा, सांबार नको, बाकीचं सावकाश.’ इडली तयारच असते, दोन मिनिटांत येते. आम्ही नेहमी जातो तिथले एक वयस्कर वाढपी आहेत. ते आता आम्हाला बघितलं की न सांगता इडली बशीत मोडून, वाफ जाऊ देऊन, वर थोडं तूप घालून आणतात, आणि बशी आमच्यापुढे नाही, तिच्यापुढे ठेवतात. ती दोन्ही हातांनी बशी धरते आणि ते जाईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहते. मग इडली, थोडं दही, आमच्या ताटातला डोशाचा मऊ भाग, एवढं तिला पुरतं. चटणी-सांबारात तिखट असतंच, तेव्हा त्याचा आग्रह नाही.

बेबी चेअर मागताना आधी तिचा पट्टा बघावा. एका ठिकाणी पट्टा तुटलेला होता आणि खुर्ची चाकांवर होती. ती आम्ही परत केली आणि लेकीला कोपऱ्यातल्या बाकावर भिंतीच्या बाजूला, दोघांच्या मध्ये बसवलं. कोपऱ्यातलं टेबल मागायला आता आम्ही संकोच करत नाही. वाढप्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर लहान मूल बसवणं धोक्याचं असतं, डोक्यावरून उकळतं सांबार जात असतं.

मोबाइलचं आम्ही पक्कं ठरवलं होतं, जेवताना नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको. आकडा बाजूला ठेवला तरी मला स्वतःला दिसतं ते असं, की स्क्रीनकडे बघत खाणाऱ्या मुलाला आपण काय खाल्लं आणि पोट कधी भरलं हे कळत नाही. नेमकं तेच तर आम्हाला शिकवायचं होतं. वाट बघायच्या वेळेसाठी पिशवीत चार गोष्टी असतात: मेणाचे जाड खडू, जुन्या वहीचे पाठकोरे कागद, स्टीलची छोटी वाटी-चमचा आणि एक कापडी चेंडू. तेही संपलं की उठून डोसा कसा पसरतात ते लांबून बघायचं. तव्यावर पाणी मारल्यावर येणारा चर्र आवाज ऐकून ती दर वेळी खूश होते.

नातेवाईक मात्र प्रेमानेच फोन पुढे करतात. ‘बघ बघ, मनीमाऊ बघ.’ तिथे नको म्हटलं तर त्यांना लागतं. बायकोने यावर छान उपाय काढला. ती म्हणते, ‘मावशी, तिला तुमच्या तोंडून गाणं ऐकायचंय.’ मावशी लगेच ‘ये गं ये गं सरी’ सुरू करतात आणि फोन पर्समध्ये जातो.

लग्नसमारंभात खरी कसोटी. मुहूर्त साडेबाराचा असला की पंगत बसेपर्यंत दीड-दोन होतात, आणि तिची दुपारची झोप एकची. शिवाय बँड, सनई, अक्षतांची गर्दी. पहिल्या एक-दोन लग्नांनंतर आम्ही सरळ यजमानांना आधीच फोन करायला लागलो, ‘साडेअकराला तिच्यापुरता वरणभात मिळेल का?’ कुणीही नाही म्हटलेलं नाही. आचाऱ्याकडे तोवर भात उतरलेला असतो, वरण उकळत असतं. वर साजूक तुपाची धार पडते आणि मुलगी मंगलाष्टकांच्या आधी जेवून मोकळी. साताऱ्याच्या एका लग्नात तर माझ्या सासूबाईंनी आणखी सहा-सात मुलं गोळा केली आणि स्वयंपाकघरालगतच्या व्हरांड्यात चिल्ल्यापिल्ल्यांची पंगतच बसवली. त्या म्हणाल्या, ‘आमच्याकडे पहिली पंगत मुलांचीच असायची. मग बायका मोकळ्या होतात.’ जुन्या पद्धतीतलं हे शहाणपण बुफेच्या रांगेत हरवलं याचं मला वाईट वाटतं. हातात ताट आणि कडेवर मूल घेऊन उभ्याने जेवणाऱ्या आईला बघून तर फारच.

वाढदिवसाला हॉल घ्यायचा नाही हे दोघांनाही मान्य होतं. दुसरा वाढदिवस घरीच, संध्याकाळी पाच ते सात. औक्षण, साधा केक, उपमा, बटाटेवडे, मुलांसाठी दही-पोहे. फुगे भिंतीवर उंच लावले, कारण फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात गेला तर श्वास पूर्ण बंद होऊ शकतो. फेसाचा स्प्रे मुळीच आणला नाही. तो पेट घेतो, आणि केकवर मेणबत्ती असते. सातला सगळे गेले, आठला ती झोपली होती.

सगळ्यात जास्त विचार करावा लागला तो बोरन्हाणाचा. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं करतात. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून ओतायचं काय तर बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, रेवड्या, चुरमुरे, आणि हल्ली त्यात गोळ्या-चॉकलेटंही. बोलावलेली मुलंही सगळी याच वयाची, खाली बसून वेचून थेट तोंडात घालणारी. शेंगदाणे, फुटाणे, गोल कडक गोळ्या, बोराची बी हे सगळं या वयाला घशात अडकण्यासारखं. डॉक्टर तर अख्खा शेंगदाणा चार-पाच वर्षांपर्यंत देऊच नका म्हणतात. द्राक्षंही उभी चार फाकी करून.

आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘बोरं नाहीत तर बोरन्हाण कसलं?’ तिचंही बरोबर होतं. मग आम्ही दोघांनी बसून ठरवलं. पहिली ओंजळ आईने साग्रसंगीत घातली, मोठी अहमदाबादी बोरं आणि वीतभर लांबीचा ऊस, मुलं आपापल्या आयांच्या मांडीवर असताना. ते लगेच उचललं. त्यानंतर मुलांना खाली सोडून नुसते चुरमुरे आणि कापडी छोटे चेंडू ओतले, आणि ते त्यांनी मनसोक्त लुटले. हलव्याचे दाणे कडक असतात आणि दोरा तुटला की घरभर पसरतात, म्हणून दागिने फोटोपुरते घातले आणि मग काढून देवापुढे ठेवले. बोरं, शेंगा, तिळगूळ पिशवीत भरून प्रत्येक आईच्या हातात दिलं. काही कमी झालं असं कुणालाच वाटलं नाही. आईने तर शेजारच्या काकूंना ‘यंदा तुमच्या नातवाचंही असंच करा’ म्हणून सांगितलं.

त्याच सुमारास डॉक्टरांकडून घशात अडकल्यावर काय करायचं ते घरातल्या सगळ्यांनी शिकून घेतलं. मूल जोरात खोकतंय, आवाज निघतोय, तोवर त्याला खोकू द्यायचं, तोंडात बोट घालायचं नाही. आवाज बंद झाला, श्वास येईना, तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीवर तळहाताने पाच जोरदार थापा. वर्षाच्या वरच्या मुलाला तरीही निघालं नाही तर पोटावर, बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेने पाच दाब, आणि कुणीतरी तोवर 108 ला फोन लावायचा. वर्षाच्या आतल्या बाळाची पद्धत वेगळी असते, त्याच्या पोटावर दाब द्यायचा नाही. हे नुसतं वाचून येत नाही, करून बघावं लागतं. आजोबांनी उशीवर सराव केला.

आता ती अडीच वर्षांची आहे. लांबचा प्रवास आणि त्यानंतर लगेच जेवण, हे अजून जमत नाही. एसटी स्टँडवर कुणीतरी हातात वेफर्सचं पाकीट दिलं की पुढचं जेवण गेलंच. येत्या महिन्यात कोल्हापूरला भाच्याची मुंज आहे. मातृभोजनाला लहान मुलांची लुडबुड असणारच, म्हणून वहिनीला कालच फोन करून साडेअकराच्या वरणभाताचं सांगून ठेवलं आहे. ती म्हणाली, ‘किती मुलांचा करायचा ते सांगा, सगळ्यांचाच टाकते.’