बीबीएला नाव घालायचं ठरवलं तेव्हा
21 मे 2024 ला बारावीचा निकाल लागला. त्याच संध्याकाळी कळलं, बीबीएची, म्हणजे व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदवीची, सीईटी (प्रवेश परीक्षा) आठ दिवसांवर आलीय आणि अर्जाची मुदत कधीच संपलीय. मला रडूच कोसळलं.

आदल्या वर्षापर्यंत आमच्याकडे बारावीच्या गुणांवर प्रवेश व्हायचा. 2024-25 पासून बीबीए, बीएमएस हे व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत गेले आणि राज्याच्या सीईटी कक्षाने पहिल्यांदाच परीक्षा ठेवली. मार्चमध्ये एका कॉलेजात चौकशी केली होती, पण खिडकीवर "निकाल घेऊन या, फॉर्म देतो" एवढंच सांगितलं होतं.

घरचे म्हणाले, बी.कॉम. कर. सर म्हणाले, तुझं अकाउंट्स चांगलं आहे, सीए कर. माझं मन मात्र तिकडे वळेना.

बाबा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या आडत दुकानात दिवाणजी आहेत. सुट्टीत मी त्यांच्याजवळ बसून शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या तपासायचे. वजन, दर, हमाली, तोलाई, शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम. रुपयाची चूक सापडायची नाही. पण तीच हळद दळून पुड्यात भरली की भाव कुठल्या कुठे जातो. तो कोण ठरवतं? एकाच्या पुड्याचं नाव घरोघरी होतं आणि दुसऱ्याचं होत नाही, ते का? बाबा म्हणायचे, "ते आपल्या दुकानाबाहेरचं गं." मला नेमकं तेच शिकायचं होतं.

मैत्रिणींची कारणं निराळी होती. एकीला पुढे एमबीए करायचंय, एकीला सीएच्या वर्षानुवर्षांच्या परीक्षा नको होत्या, एकीला घरातलं दुकान वाढवायचंय. सगळीच खरी कारणं आहेत.

राज्यात जागा लाखाच्या वर आणि परीक्षा दिलेली मुलं पन्नास हजारांच्या आत, त्यामुळे सीईटी पुन्हा घ्यायचं ठरलं. यावेळी पहिल्याच दिवशी अर्ज भरला. 100 प्रश्न, 90 मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यातले 40 प्रश्न इंग्रजीचे, आणि मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. रोज एक इंग्रजी उतारा सोडवायचे. यार्डातून दमून आलेले बाबा समोर घड्याळ घेऊन बसायचे. तर्काचे 30 प्रश्न मला आवडायला लागले. ऑगस्टमध्ये परीक्षा झाली.

मग कॅप, म्हणजे एकत्रित प्रवेश प्रक्रिया: नोंदणी, कागदपत्रांची तपासणी, गुणवत्ता यादी, कॉलेजांचे पर्याय भरणं. यावर्षी भरणाऱ्यांना कळकळीने सांगते, दाखले बारावीच्या परीक्षेआधीच काढून ठेवा. निकालानंतर सेतूत रांगा लागतात. पर्यायांचा क्रम मैत्रिणीचा बघून भरू नका. पहिला पर्याय मिळाला तर तोच घ्यावा लागतो. मी घरापासून जवळचं कॉलेज पहिलं टाकलं, आणि तेच मिळालं.

प्रवेशाची पावती बाबांनी दोनदा वाचली, हिशेबाच्या वहीत ठेवली आणि विचारलं, "आता ते पुड्यांचं कधी शिकवतील?"