तुम्ही विचारलंत म्हणून: आयखे बळी की जल्लाद?

व्याख्यान संपलं की चहाचा कप हातात धरून कुणीतरी विचारतंच, "सर, एका शब्दात सांगा ना, रॉबर्ट आयखे बळी की जल्लाद?" एका शब्दात सांगता आलं असतं तर दीड तास घसा कशाला कोरडा केला असता?

पूर्वी मी बेधडक 'बळी' म्हणायचो. १९०५ मध्ये, पंधराव्या वर्षी पक्षात आलेला लात्व्हियन पोरगा, पुढे पश्चिम सायबेरियाचा कम्युनिस्ट पक्षसचिव, मग सोव्हिएत शेतीमंत्री आणि शेवटी कैदी. पुरावा हाताशी असायचा. २७ ऑक्टोबर १९३९ चं, तुरुंगातून स्टालिनला लिहिलेलं पत्र. स्टालिननंतरचा सोव्हिएत नेता क्रुश्चेव्हने १९५६ मध्ये वाचून दाखवलेलं. मी बरगड्यांपाशी थांबायचो. मोडलेल्या बरगड्या नीट जुळलेल्या नाहीत, हे तपास अधिकारी उशाकोव्हला ठाऊक होतं आणि त्याने त्याचाच फायदा घेतला. वेदना सोसेनात, तेव्हा आयखेने स्वतःवर आणि इतरांवरही आरोप ओढले. वाचताना माझा आवाज दाटायचा. खोटं कशाला बोलू, थोडा मुद्दामही दाटवायचो.

एकदा पहिल्या रांगेतल्या एक आजी उठल्या. "आणि ह्यानं मारायला लावलेल्यांच्या बरगड्या?"

मी म्हणालो, काळच तसा होता. नाही म्हटलं असतं तर त्याचंच नाव यादीत गेलं असतं. बरंच बोललो. आजी भांडल्या नाहीत. छत्री उचलली आणि म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

होतं. वहीतच होतं. २८ जून १९३७ ला पॉलिटब्यूरोने, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळाने, पश्चिम सायबेरियासाठी त्रोयका नेमली, झटपट शिक्षा ठोठावणारं तिघांचं मंडळ: एनकेव्हीडीचा, म्हणजे गुप्त पोलिसांचा, मिरोनोव्ह, सरकारी वकील बार्कोव्ह आणि पक्षाकडून आयखे. आरोपी समोर नाही, वकील नाही, अपील नाही. महिन्याभराने एनकेव्हीडीचा आदेश ००४४७ निघाला, कुठल्या प्रदेशात किती जणांना मारायचं आणि किती जणांना डांबायचं ते ठरवणारा. त्या प्रदेशाचा कोटा: ५,००० जणांना गोळी, १२,००० जणांना छावणी किंवा तुरुंग. कोटा, रेशनला असतो तसा. ही पानं मी वगळायचो, पत्राला गालबोट नको म्हणून.

तरी आजींचं मला पूर्ण पटलेलं नाही. त्रोयकात बसला म्हणून त्याच्या बरगड्या कमी दुखल्या का? २ फेब्रुवारी १९४० ला कोर्टात तो म्हणाला की त्या कबुलीजबाबांत सहीखेरीज आपलं एक अक्षरही नाही, आणि सह्याही जबरदस्तीने घेतलेल्या. दोन दिवसांत त्याला गोळी घातली. पण सही म्हटलं की मला आता त्रोयकाचेच कागद दिसतात.

हल्ली मी आधी कोटा वाचतो, मग पत्र. आवाज दाटत नाही, आणि त्याचंही वाईट वाटतं. गेल्या खेपेला क्रम पुन्हा उलटा करून पाहिला.