बळी तो कान पिळी, हेगमध्येही

"जाधवची केस तुम्ही इथे जिंकलात. पण पाकिस्तानने तुम्हाला इथे खेचलं असतं, तर आला असतात?" हेगमधल्या माझ्या शेजारच्या आजींनी परवा जिन्यात विचारलं. त्यांची सगळी हयात आंतरराष्ट्रीय कायद्याच्या ग्रंथालयात गेली आहे, त्यामुळे प्रश्न हवेतला नव्हता.

मला तो झोंबला. पाकिस्तानने हेर ठरवून फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधवच्या खटल्यात १७ जुलै २०१९ ला इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा १५ विरुद्ध १ असा आपल्या बाजूने निकाल लागला, तेव्हा परळच्या घरून फोनवर सगळे एकदम बोलत होते. फाशी थांबली, आपला माणूस, आपले वकील हरीश साळवे, फी एक रुपया! आणि आजी विचारत होत्या १९९९ बद्दल. त्या वर्षी आपण पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक विमान पाडलं. पाकिस्तान हेगला आलं, तर आपण म्हटलं, पाकिस्तानसारख्या राष्ट्रकुलातल्या (कॉमनवेल्थ) देशांशी असलेले वाद आम्ही आधीच वगळलेत, तुम्हाला अधिकारच नाही. न्यायालयाने ते मान्य केलं.

पण म्हणून आपल्याला निकाल न जुमानणाऱ्या महासत्तांच्या पंक्तीत बसवायचं? बांगलादेशाशी बंगालच्या उपसागरातल्या हद्दीचा वाद इथल्याच लवादापुढे होता. २०१४ मध्ये वादातल्या सुमारे २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला गेले. शेजारी आपल्यापेक्षा कितीतरी लहान, तरी दिल्लीने निकाल मुकाट्याने स्वीकारला. दोनच वर्षांनी दक्षिण चीन समुद्राच्या वादात फिलिपिन्सच्या बाजूने निकाल लागला, तेव्हा चीनने सरळ सांगितलं, आम्ही मानत नाही.

अमेरिकेचं तर विचारूच नका. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाच्या बंदरांत सुरुंग पेरले, बंडखोरांना शस्त्रं पुरवली. २७ जून १९८६ ला न्यायालयाने अमेरिकेला दोषी धरलं; तेव्हा न्यायालयाचे अध्यक्ष आपले नगेंद्र सिंह होते, हे मी इथे प्रत्येकाला सांगते. अमेरिकेने खटला मध्यावरच सोडला होता. निकाल पाळला नाही तर सुरक्षा परिषदेकडे जायची सोय संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम ९४ मध्ये आहे. निकाराग्वा गेला, आणि अमेरिकेने तिथे व्हेटो (नकाराधिकार) वापरला. आरोपीनेच वॉरंटवर सही करायची, ही कुठली पद्धत?

आपल्याला याची झळ लागली ती २६/११ नंतर. भारत आणि अमेरिकेत १९९७ पासून प्रत्यार्पणाचा करार आहे. ताज, ट्रायडंट, छाबड हाऊस, सगळ्याची टेहळणी करून चित्रण नेणारा डेव्हिड हेडली त्यांच्या हाती लागला. २०१० मध्ये त्यांनी त्याच्याशी सौदा केला: माहिती दे, फाशी नाही आणि भारताच्या ताब्यातही देणार नाही. १६६ माणसं मुंबईत गेली, सौदा शिकागोत झाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात सरकारी वकील उज्ज्वल निकम त्याला प्रश्न विचारत होते आणि हा पडद्यावरून उत्तरं देत होता. ज्या शहरात गुन्हा, त्या शहराच्या कोर्टात आरोपी फक्त व्हिडिओवर! त्याचा साथीदार तहव्वूर राणा मिळायला एप्रिल २०२५ उजाडला. हेच उलट असतं, अमेरिकी शहरावरच्या हल्ल्याची टेहळणी करणारा आपल्या तुरुंगात असता, तर वॉशिंग्टनने असा सौदा चालवून घेतला असता का?

इथल्या डच लोकांची नियमांवरची निष्ठा खरी आहे, ते मान्य करायलाच हवं. २०२० मध्ये तेव्हाचे पंतप्रधान रुटे यांची आई वृद्धाश्रमात शेवटच्या आजारात होती. भेटींवर बंदी होती, तर हा माणूस कित्येक आठवडे गेला नाही. अगदी शेवटच्या रात्री निरोप घेता आला तेवढाच. आपल्याकडे असा मंत्री दाखवा. पण याच देशाने २००३ मध्ये इराकवरच्या स्वारीला राजकीय पाठिंबा दिला, आणि त्या स्वारीला आंतरराष्ट्रीय कायद्याचा पुरेसा आधार नव्हता, असं २०१० मध्ये यांच्याच डेव्हिड्स चौकशी आयोगाने म्हटलं. आजींना हे सुनावलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. मग तुम्ही तरी ती राष्ट्रकुलाची अट काढा."

मी नाही म्हटलं, आजही नाहीच म्हणेन. काश्मीर इथे ओढून आणायला पाकिस्तानला दार उघडून द्यायचं, आणि सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सदस्यांनी व्हेटो खिशात ठेवून बसायचं, हे कोणत्या न्यायात बसतं? आधी कलम ९४ खाली निकालाची अंमलबजावणी मागितली जाईल, तेव्हा ज्या देशाविरुद्ध निकाल आहे त्याचा व्हेटो काढून घ्या. ते झालं, की आपल्या अटीबद्दल दिल्लीला जाब विचारणाऱ्यांत मीही असेन.