जुन्या फर्ग्युसनच्या स्टिअरिंगचे नवे बुश

आज फर्ग्युसन टीई-२० च्या पुढच्या एक्सलमधले झिजलेले बुश, म्हणजे फिरत्या भागाला आधार देणाऱ्या धातूच्या नळ्या, बदलले. १९४६ ते १९५६ या काळात बनलेल्या या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंग बॉक्समधून दोन्ही बाजूंना स्वतंत्र आर्म निघतात आणि प्रत्येक चाकाकडे वेगळा दांडा जातो; दोन्ही चाकांना एकमेकांशी जोडणारा टाय रॉड त्यात नाही, त्यामुळे ढिलाई कोणत्या बाजूची आहे हे चटकन समजते. एक्सल जॅकवर उचलून चाक वरून आणि खालून धरून हलवले, तेव्हा व्हील बेअरिंग ठीक असूनही उजव्या बाजूचा स्पिंडल (बुशात फिरून चाक वळवणारा उभा खुंट) स्पष्टपणे डुलत होता.

जुना बुश हातोड्याने ठोकून काढण्याची घाई मला पटत नाही. हॅकसॉचे पाते आत घालून त्याला लांबीच्या दिशेने चीर दिली, बुश ज्यात बसतो त्या बाहेरच्या घराला पाते लागण्याआधीच थांबलो आणि कड छिन्नीने आत दुमडली, तसा तो सैल होऊन निघाला. एका बाजूला तो कागदासारखा पातळ झाला होता, तर समोरच्या बाजूला ग्रीसची चर अजून शाबूत होती. भार सतत एकाच दिशेने येत असल्यामुळे झीज अशी एकतर्फी होते. म्हणूनच स्पिंडलही मायक्रोमीटरने निरनिराळ्या ठिकाणी मोजून पाहिला. त्यावर पायरी पडलेली असती तर नव्या बुशाचा काहीच उपयोग झाला नसता.

नवे बुश फ्रीझरमध्ये गार करून, लांब बोल्ट आणि जाड वॉशरच्या साहाय्याने सरळ आत ओढून घेतले. बुशाचे भोक ग्रीस निपलच्या भोकासमोर आले आहे ना, हे आधीच खूण करून पाहावे लागते, कारण बुश घट्ट बसल्यावर तो फिरवता येत नाही. दाबून बसवल्याने बुशाचे आतले माप थोडे कमी होते आणि स्पिंडल आत जात नाही, तेव्हा पुष्कळांना माल चुकीचा आल्याची शंका येते. खरे तर तिथूनच रीमरचे, म्हणजे भोक तासून नेमक्या मापाचे करणाऱ्या हत्याराचे, काम सुरू होते. वरचा आणि खालचा बुश एकाच लांब रीमरने, एका रेषेत साफ केले. रीमर उलटा फिरवला की धार बिघडते, म्हणून बाहेर काढतानाही तो सुलट्याच दिशेने फिरवत राहिलो.

आता स्पिंडल हाताने सहज फिरतो आणि आडवा हलत नाही. स्टिअरिंगच्या चक्रात जी थोडी ढिलाई उरली आहे, ती दांड्याच्या टोकाच्या बॉल जॉइंटची आहे.