डीबी नोंद ४ : देखणी वायरिंग उसवली

मागच्या वेळी डीबीचा, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या बोर्डाचा, फोटो टाकला तेव्हा काटकोनात वळवलेल्या वायरींचं बरंच कौतुक झालं. त्यातली निम्मी वायरिंग या महिन्यात उसवली. का, ते पुढे येईलच; आधी अर्थिंगच्या खड्ड्याचं.

घर औसा तालुक्यातलं, जुनं. पोलवरून दोनच वायरी येतात, फेज आणि न्यूट्रल. अर्थिंग ज्याचं त्यानं करायचं. वर चार-साडेचार फूट काळी, खाली मुरूम, मग काळा पाषाण. तीन मीटरचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) रॉड ठोकायला घेतला तर पाच फुटांवर ठण्ण झाला. वरचा कापून टाकला. मित्राचा अर्थ टेस्टर मागून आणला. एप्रिलअखेरचं रीडिंग ४१ ओहम; हे जितकं कमी तितकं चांगलं.

तात्या म्हणाले, "मीठ-कोळसा टाक की." पण मीठ पावसात वाहून जातं आणि जाता जाता लोखंड खातं. रॉडभोवती भरायला जे बेंटोनाइट विकत मिळतं, त्यातला मुख्य घटक मॉन्टमोरिलोनाइट. आपल्या काळ्या मातीतही तेच खनिज. म्हणजे ओली असेतो आपली माती अर्थिंगला झकास. उन्हाळ्यात मात्र तीच भेगाळते आणि रॉडला सोडून बाजूला होते. आणि विजा कडाडतात त्या नेमक्या वळवात, माती पुरती भिजायच्या आधी. खाली पाषाण, म्हणून खोल जायचा नाद सोडला. न्हाणीचं पाणी जातं त्या कडेने दहा मीटर चर खणला, दोन फूट खोल, आणि जीआय पट्टी आडवी टाकली. "नळाची लाईन टाकायलास का?" तात्यांनी विचारलंच. रॉडला पट्टी जोडल्यावर रीडिंग ११ ओहम.

इथे पुष्कळ जण हात झटकून मोकळे होतात. हिशेब करून बघा. गिझरच्या पत्र्याला फेज लागली तर २३० भागिले ११, म्हणजे फार तर २१ अँपिअर. ३२ अँपिअरचा मेन एमसीबी (करंट जादा झाला की पडणारा स्विच) एवढा करंट दिवसभर वाहू देईल, आणि पत्र्यात करंट तसाच राहील. आमच्यासारख्या पुरवठ्यात जीव वाचवतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गेलेल्या आणि परत आलेल्या करंटमध्ये फरक पडला की लाईट तोडणारा स्विच. अर्थिंगचं काम गळतीला वाट करून देण्याचं.

तो आरसीसीबी खाली एक आणि माडीवर एक, असे दोन बसवले. त्याच रात्रीपासून कधी खालचा पडायचा, कधी वरचा. तीन दिवस गळती शोधली. फ्रिज काढला, बोअरची मोटर सोडवली, मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) मारला, सगळं चोख. शेवटी आईच म्हणाली, "जिन्यातला दिवा लावला की जातीय लाईट." उघडून पाहिलं तर दिव्याला फेज खालची आणि न्यूट्रल माडीवरची. ज्याने वायरिंग केली त्याला वरून जवळ पडलं असणार. खालच्या आरसीसीबीला वाटतं, गेलेला करंट परत आला नाही. वरच्याला वाटतं, न दिलेला परत आला. ९ वॅटचा एलईडी, साधारण ४० मिलिअँपिअर, पाडायला तेवढे पुरतात. न्यूट्रल खालून ओढली. किटकॅट फ्यूजच्या जमान्यात ही खोड कुणाला कळलीही नसती.

आता उसवण्याचं. टाइप २ चा एसपीडी (विजेचा क्षणाचा फटका, म्हणजे सर्ज, अर्थकडे वळवणारा) मी खालच्या उजव्या कोपऱ्यात बसवला होता, कारण जागा तिथे होती. वायरी कडेकडेने, टाय बांधून, फोटोत छान. टेपने मोजलं तर फेजपासून एसपीडीमार्गे डीबीतल्या अर्थ पट्टीपर्यंत वायर १४० सेंमी! ही लांबी अर्ध्या मीटरच्या आत हवी. एरवी वायर म्हणजे वायर, पण सर्ज काही मायक्रोसेकंदांत चढतो आणि तेव्हा साधी सरळ वायरसुद्धा कॉइलसारखी आडवी येते. एका मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री धरा. ८ मायक्रोसेकंदांत १० हजार अँपिअर चढले तर मीटरमागे सव्वा हजार व्होल्ट. एसपीडी स्वतः पुढे जाऊ देतो ते, त्यावर छापलेले दीड हजार, त्यात माझ्या देखण्या वळणांचे पावणेदोन हजार. घरातली साधी उपकरणं अडीच हजारांपर्यंत सोसतील अशी धरलेली असतात.

तेव्हा मेन स्विचच्या शेजारचे दोन एमसीबी सरकवले आणि एसपीडी तिथे आणला, आरसीसीबीच्या आधी. अर्थ पट्टीही त्याच्या खालीच घेतली. आता लांबी ३८ सेंमी. वायरी तिरक्या गेल्यात, दिसायला गबाळ्या. कुणी विचारेल की मग बाहेर खड्ड्यापर्यंत गेलेल्या लांब वायरीचं काय? टीव्ही-फ्रिजचा अर्थही डीबीतल्या त्याच पट्टीवर येतो, त्यामुळे पट्टी वर चढली तर सगळं सोबत चढतं. उपकरणाच्या वाट्याला येतो तो एसपीडी आणि त्याच्या वायरी मिळून पडणारा फरक.

एक भोक अजून उघडं आहे. डीपीकडून (ट्रान्सफॉर्मरकडून) येणारी न्यूट्रल तुटली तर घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात, तेही मिनिटन् मिनिटं. क्षणाचा फटका झेलणारा एसपीडी तिथे स्वतःच जळतो. त्यासाठी व्होल्टेज फार चढलं किंवा उतरलं की लाईट तोडणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर मागवलाय. मीटरकडच्या बाजूला मी हात लावत नाही. लायसनवाला वायरमन रविवारी यायचं कबूल झालाय. मृगाच्या आत बसला तर फोटो टाकतो, गबाळा का असेना.