नवं सील टाकलं, तरी ट्रान्स्फर केस गळतेच

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगतो. "सील कुठल्या कंपनीचं घेऊ?" जुन्या फोर-बाय-फोर ट्रकच्या गळक्या ट्रान्स्फर केसबद्दल, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीबद्दल, मला हेच विचारलं जातं. सील म्हणजे शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे ऑइल अडवणारी रबरी कडी. विचारणाऱ्याने एकदा सील बदललेलं असतं, थोड्याच दिवसांत खाली पुन्हा डाग पडायला लागलेला असतो. माझं उत्तर कुणाला आवडत नाही, तरी तेच देतो: कंपनीचं राहू द्या, आधी ऑइल बाहेर का येतंय ते बघा. सीलच्या मागे दाब असेल, लिपखाली (सीलची शाफ्टवर घासणारी रबरी कड) शाफ्टला चर पडली असेल किंवा शाफ्टच हलत असेल, तर महागातलं सीलही टिकणार नाही.

पहिला ब्रीदर, म्हणजे केसची हवा जाण्या-येण्याची नळी. केस तापली की आतली हवा फुगते आणि तिला बाहेर पडायला ब्रीदर हीच वाट असते. ती चिखलाने बुजली की हवा सीलच्या लिपखालून निघते आणि सोबत ऑइल आणते. नळी काढून फुंकून बघा, हवा सहज गेली पाहिजे. याचा उलटा प्रकारही होतो. तापलेली केस ओढ्याच्या पाण्यात शिरली की एकदम गार होते, आत ओढ निर्माण होते आणि पाणी सीलमधून आत जातं. ऑइल दुधासारखं दिसत असेल तर हेच झालंय.

मग गाडी सपाट जागी उभी करून फिलर प्लग, म्हणजे ऑइल भरायच्या भोकाचं बूच, उघडा. ऑइल सोडायच्या ड्रेन प्लगच्या आधी नेहमी फिलरच. तो गंजून अडकला असेल आणि ऑइल तुम्ही आधीच सोडून दिलं असेल, तर परत भरणार कुठून? पातळी भोकाच्या काठाला लागलेली हवी. उघडताच भळाभळा ऑइल आलं, तर गिअरबॉक्सची पातळी लगेच तपासा. तिथलं ऑइल मधल्या सीलमधून ट्रान्स्फर केसमध्ये उतरत असणार. दोन्हीकडे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) असेल तर रंगावरून काहीच कळत नाही. हे सील बदलायला केस उतरवावीच लागते, त्यात पळवाट नाही.

आता आउटपुटचं सील, म्हणजे केसमधून चाकांकडे ताकद नेणारा शाफ्ट बाहेर येतो तिथलं. प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी शाफ्ट आणि योक (केसच्या बाजूचा, शाफ्ट ज्याला जोडतो तो तुकडा), दोन्हीवर रंगाची एक सरळ रेघ मारा, नाहीतर उलटा बसून गाडी थरथरेल. योक काढल्यावर सील जिथे घासतं त्या चकचकीत पट्टीवरून नख फिरवा. नख अडकलं तर चर पडलीय आणि नवं सील त्याच चरीत बसून गळणार. चर हलकी असेल तर पॉलिश पेपरने भागतं. खोल असेल तर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवा, ती जेमतेम पाव मिलीमीटर जाड असते, सील त्याच मापाचं चालतं. काही जण सील दीड-दोन मिलीमीटर कमी आत ठोकतात, म्हणजे लिप कोऱ्या जागी येतो. मला ते पटत नाही, पण चालतं हे नाकारत नाही.

लिपला ऑइल लावूनच योक घाला. कोरडा लिप पहिल्या काही मिनिटांतच जळतो. स्प्रिंगची बाजू आत, ऑइलकडे. आणि योकच्या नटखालचा रबरी वॉशर नवा टाका. स्प्लाइनमधून, म्हणजे योक ज्या खाचांवर बसतो तिथून, येणारं ऑइल तो अडवतो, आणि सगळे त्यालाच विसरतात. मग दोष सीलवर जातो. एनपी २३१ या मॉडेलच्या केसला हा नट १२२ ते १७६ न्यूटन-मीटर आवळायचा असतो; तुमच्या केसचा आकडा तिच्या मॅन्युअलमध्ये बघा. मागे स्लिप योक (नट नसलेला, आत-बाहेर सरकणारा योक) असेल तर तो हाताने वर-खाली हलवून बघा. ठळक ढिलेपणा लागला तर त्याला आधार देणारं बुश गेलंय. बुश न बदलता सील बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

आता ज्याने मला खरोखर छळलंय, ते. गाडी उभी असताना खाली एक थेंब नसतो. रात्रभर पुठ्ठा ठेवा, सकाळी कोरडा. हायवेवर पळवून आणली की केसची मागची बाजू ऑइलने माखलेली. मालक मागचं सील बदलतो, परत तेच. मग पुढचं, परत तेच. जीएमच्या (जनरल मोटर्स) १९९० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या पिकअपमधल्या एनपी २४६, तसंच २६१ आणि २६३ या केसमध्ये असं दिसलं तर सीलना हात लावू नका. आतल्या ऑइल पंपाचे कान मॅग्नेशियमच्या मागच्या अर्ध्या भागाला टेकतात आणि थोडेथोडे हलत तो धातू खरवडत राहतात. शेवटी सुईच्या टोकाएवढं आरपार भोक पडतं, तेही वरच्या बाजूला. म्हणून उभ्या गाडीत गळत नाही, ऑइल उडायला लागलं की मगच बाहेर येतं.

शोधायचं असेल तर ब्रेक क्लीनरने सगळं धुवा, कोरडं करा, टाल्कम पावडर मारा आणि थोडा वेळच चालवा. वाऱ्याने ऑइल मागे पसरतं, म्हणून सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला ठिपका शोधायचा. भोक सापडलं तर बाहेरून इपॉक्सी लावता येतं, पण पंप आतून घासतोच आहे. खरा इलाज म्हणजे मागचा अर्धा भाग बदलून पंपाखाली झीज थोपवणारी प्लेट बसवणं. केस उघडली तर जुना सीलंट पेचकसने खरवडू नका, आणि नवा बारीक लावा. आत पिळून गेलेला सीलंट सुटून पंपाच्या जाळीत अडकतो.

पूर्वी माझं म्हणणं असायचं की ओल दिसली की काढा. आता तसं सरसकट म्हणवत नाही. बिडाच्या जुन्या एनपी २०५ वर नुसती ओल असेल, थेंब पडत नसेल, तर पातळी बघत चालवायला हरकत नाही. पण एनपी २३१ मध्ये मुळात लिटरभरच एटीएफ असतं, तिथे थोडी ओलही मला स्वस्थ बसू देत नाही. मग नेमकी रेघ कुठे ओढायची? मला ठामपणे सांगता येत नाही. पुढच्या वेळी ड्रेन केलेलं ऑइल मापात ओता, किती भरलं होतं आणि किती निघालं ते बघा, आणि मग मला विचारा.