पाण्यातलं भूत सगळीकडे सारखंच कसं? तुम्ही विचारलंत म्हणून

लोककथांबद्दल मी काही ना काही बोलत असते, त्यामुळे हा प्रश्न मला हमखास येतो. कोकणात गिऱ्हा, जपानमध्ये कप्पा, स्कॉटलंडमध्ये केल्पी, रशियात रुसाल्का, म्हणजे पाण्यात ओढून नेणारं कोणीतरी जिकडे तिकडे आहेच, तर मग एकमेकांना न भेटता सगळ्यांना तेच कसं सुचलं? विचारणाऱ्याकडे उत्तर बहुतेक वेळा तयारच असतं. एक तर मूळ गोष्ट एकच आणि ती व्यापाऱ्यांबरोबर जगभर फिरली, नाहीतर मग (हे जरा आवाज खाली आणून) काहीतरी असेलच ना, त्याशिवाय का सगळे तेच सांगतात.

माझं उत्तर जरा बोअरिंग आहे. सारखं आहे ते पाणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, आणि त्यातली जवळजवळ पाव हिस्सा पाच वर्षांच्या आतली मुलं होती. हे आत्ताच्या काळातलं. आणि बुडणारा माणूस सिनेमात दाखवतात तसा हात हलवून ओरडत नाही, बरेचदा आवाज न करताच खाली जातो, काठावरच्याला एवढंच कळतं की आत्ता तर इथे होता आणि आता नाहीये. अशा वेळी "कोणीतरी ओढलं" असं म्हणणं ही अंधश्रद्धा वगैरे नंतर, आधी ते डोळ्यांना जे दिसलं त्याचं वर्णन आहे.

पण मला मजा येते ती सारखेपणात नाही, फरकात. इंग्लंडच्या लँकेशायर भागात जेनी ग्रीनटीथ नावाची हिरव्या दातांची बाई तळ्यात राहते, म्हणजे राहते असं मुलांना सांगायचे. ही वाहत्या नदीत नाही, साचलेल्या पाण्यात. कारण तिथल्या तळ्यांवर टिकलीएवढ्या पानांचं डकवीड इतकं दाट पसरतं की पाणी अजिबात दिसतच नाही, लॉन वाटावं असं हिरवंगार, मूल त्यावर पाय टाकतं आणि गेलं, आणि वरची पानं परत जागेवर येऊन मिटतात. बघा, जेनीची गोष्ट म्हणजे या एका वनस्पतीबद्दलची सूचना आहे, पत्त्यासकट. उलट स्कॉटलंडची केल्पी घोड्याच्या रूपात येते, काठावर गरीब चेहरा करून उभी, पोरं एकेक करून पाठीवर चढतात आणि मग हात चिकटतो तो सुटतच नाही. एका कथेत मुलगा स्वतःचं बोट कापून वाचतो, बाकीचे जातात. तिथली भीती वेगळी, एकाच्या मागे सगळे गेले ही. आता फॉलकर्कजवळ या केल्पींची ३० मीटर उंच स्टीलची दोन डोकी उभी केलीत आणि लोक त्यांच्यासमोर सेल्फी काढतात, असो.

कप्पा मात्र माझा सगळ्यात लाडका, त्यामुळे इथे जरा रेंगाळते. लहान मुलाएवढा, पाठीवर कासवासारखं कवच, आणि डोक्यावर खोलगट बशी, त्यात पाणी. ते पाणी सांडलं की ताकद संपली. म्हणून युक्ती अशी की कप्पा दिसला की वाकून नमस्कार करायचा, तो इतका मॅनर्सवाला की तोही वाकतो आणि पाणी सांडतं! काकडी आवडते, म्हणून तिकडे काकडीच्या सुशीला कप्पामाकीच म्हणतात, सुमो कुस्तीची खाज आहे, दोन्ही हात आतून एकमेकांना जोडलेले म्हणून एक ओढला तर दुसरा आखूड होतो. इथपर्यंत गोड. पण हाच कप्पा माणसाला पाण्यात ओढतो आणि त्याच्या गुदद्वारातून एक गोळा काढून नेतो, शिरिकोदामा म्हणतात त्याला. असा काही अवयव नसतो अर्थातच. याचं जे स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं ते मला पटतं: बुडालेलं प्रेत वर काढल्यावर तिथले स्नायू सैल पडलेले दिसायचे, लोकांना वाटलं इथून काहीतरी काढून नेलंय. म्हणजे ज्यांनी ही गोष्ट रचली त्यांनी प्रेतं हाताळली होती. मुलांना घाबरवायला कोणी घरात बसून असला तपशील शोधून काढत नाही.

आणि म्हणूनच "हे सगळं पोरांना पाण्यापासून लांब ठेवायला होतं" हे उत्तर मला अर्धवट वाटतं. कप्प्याच्या कितीतरी गोष्टी अशा आहेत की तो घोडा ओढायला जातो, फजिती होते, गावकरी त्याला धरतात किंवा हातच तोडतात, मग तो हात परत मागायला येतो आणि बदल्यात हाडं बसवायचं औषध शिकवतो, नाहीतर चक्क माफीनामा लिहून देतो की या गावच्या माणसांना त्रास देणार नाही. नदीबरोबर करार! दरवर्षी माणसं नेणाऱ्या नदीला तुम्ही दुसरं करणार तरी काय, ती सोडून जाता येत नाही, शेतीला पाणी तिचंच. आपल्या गिऱ्ह्याचंही थोडंफार तसंच, बुडून मेलेल्याचं हे भूत, रात्रीच्या वाटसरूला चुकवून खोल पाण्यात नेणारं, पण त्याचा केस ज्याच्या हाती लागला त्याचा तो नोकर होतो.

साती आसरांशी मात्र आपण करार करत नाही. विहिरीच्या नाहीतर डोहाच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड असतात, त्यांची ओटी भरायची, हिरव्या बांगड्या वाहायच्या. आसरांनी नेलं म्हटलं की रागवायला कोणी उरत नाही, त्यांचा मान चुकला असेल म्हणायचं, आणि मान कोणी चुकवला, तर बहुतेक घरच्या सुनेनं. मला ही बाजू अजिबात आवडत नाही. कप्पा निदान दोष स्वतःकडे घेतो.

रुसाल्कांवर फार लिहीत नाही, त्यातल्या बऱ्याच म्हणजे बुडून किंवा अकाली गेलेल्या मुली, आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांचा आठवडा असतो तेव्हा नदीत पोहायची बंदी. ऑस्ट्रेलियाच्या बन्यिपचं मात्र सांगायलाच हवं, कारण ते "काहीतरी असेलच ना"वाल्यांसाठी आहे. आदिवासींच्या गोष्टींतला हा पाणथळीतला प्राणी गोऱ्या वसाहतवाल्यांनी अगदी शब्दशः घेतला. १८४६ मध्ये मरमबिजी नदीच्या काठी एक विचित्र कवटी सापडली, १८४७ मध्ये ती सिडनीच्या म्युझियममध्ये ठेवली, लोकांनी गर्दी केली. तज्ज्ञांनी बघितल्यावर ती व्यंग असलेल्या शिंगराची किंवा वासराची निघाली. कवटी शोधायच्या नादात, जिथून ती गोष्ट आली त्या माणसांना हा बन्यिप नेमका कुठल्या पाण्यात राहतो आणि तिथेच का, हे विचारायचं बहुतेकांना सुचलं नाही.

आता याच्यामागून नेहमी येणारा दुसरा प्रश्न, की मग तुमचा विश्वास आहे का. नाही. पण जपानच्या इवाते प्रांतात तोनो नावाचं गाव आहे, तिथे जोकेनजी देवळामागे कप्पाबुची म्हणून ओढ्याचा भाग आहे, देवळातल्या राखणदार कुत्र्यांच्या डोक्यावरही बशी कोरलीय कारण देवळाला आग लागली तेव्हा कप्प्याने डोक्यावरच्या पाण्याने ती विझवली म्हणे. त्या गावात कप्पा पकडायचं रीतसर परमिट मिळतं, वर्षभर चालतं. नियम मागे छापलेले: जिवंत पकडायचा, इजा करायची नाही, आमिष फक्त ताज्या भाजीचं, आणि बशीतलं पाणी सांडता कामा नये. मला ते हवंय.